दोन खुनांच्या मधला वेळ: ‘सत्या’ कुठून आला?

१२ ऑगस्ट १९९७. अंधेरीतल्या जीतेश्वर महादेवाच्या देवळाबाहेर कॅसेट व्यवसायातले बडे नाव असलेल्या गुलशन कुमार यांना गोळ्या घालून मारण्यात आलं. ही बातमी आली तेव्हा दिग्दर्शक राम गोपाल वर्मा निर्माते झामू सुगंध यांच्यासोबत होते. सुगंध हादरले होते आणि त्या सकाळचा गुलशन कुमारांचा दिनक्रम सांगत होते: किती वाजता उठले, कोणाशी बोलले, कोणाला भेटून मग देवळात जाणार होते. वर्मा यांनी नंतर अनेकदा सांगितलं आहे की हे ऐकताना त्यांचं मन दुसरीकडेच गेलं. मरणारा माणूस सातला उठला असेल, तर मारणारा कितीला उठला? सकाळी मला लवकर उठव, असं त्याने आईला सांगून ठेवलं होतं का? नाश्ता त्याने खुनाआधी केला की नंतर?

प्रश्न निर्दय वाटतो. पण हिंदी गुन्हेपटांच्या इतिहासात तोवर हा प्रश्न कोणी इतक्या सरळ विचारला नव्हता असं मला वाटतं. गुंड आपल्याला दोनच वेळा भेटतो, तो मारतो तेव्हा आणि मरतो तेव्हा. वर्तमानपत्रातही तसंच, पडद्यावरही तसंच. या दोन टोकांच्या मधला त्याचा वेळ कसा जातो, हे दाखवायचं वर्मांनी ठरवलं. ३ जुलै १९९८ रोजी ‘सत्या’ प्रदर्शित झाला.

गुन्हेपटांचे दिग्दर्शक प्रेरणा कुठून घेतात, या प्रश्नाला साधारणपणे दोन उत्तरं मिळतात: आधीच्या चित्रपटांतून आणि प्रत्यक्ष आयुष्यातून. दोन्ही खरी आहेत, पण त्याने फारसं काही कळत नाही. कोणाकडून नेमकं काय घेतलं, काय मागे सोडलं आणि दोन्ही गोष्टींचा सांधा कुठे जुळवला, हे एका चित्रपटापुरतं नीट तपासावं म्हणून हे प्रकरण घेतलं आहे. ‘सत्या’ त्यासाठी योग्य आहे, कारण त्याच्या बऱ्याच उधाऱ्या वर्मांनी स्वतःच उघड केल्या आहेत आणि त्यांतली सगळ्यात मोठी उधारी एका मराठी कथेपर्यंत जाऊन पोहोचते.

व्हिडिओच्या दुकानातून

वर्मांचं चित्रपटाचं शिक्षण कोणत्याही संस्थेत झालं नाही. विजयवाड्याच्या सिद्धार्थ अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकताना वर्ग सोडून ते चित्रपटगृहात बसत. पुढे हैदराबादला त्यांनी व्हिडिओ कॅसेट भाड्याने देण्याचं दुकान चालवलं. आवडलेला प्रसंग पुन्हापुन्हा मागे नेऊन बघता येणं, ही त्या काळातली नवी सोय होती. कॅमेरा कुठून कुठे जातो, दृश्य कुठे तुटतं, आवाज कधी थांबतो, हे त्यांनी तसंच पाहून शिकून घेतलं.

त्यांचा पहिला चित्रपट, १९८९ चा तेलुगू ‘शिवा’, या शिक्षणाचं फळ आहे. त्याचा सांगाडा ब्रूस लीच्या ‘वे ऑफ द ड्रॅगन’चा असल्याचं वर्मा मोकळेपणाने मान्य करतात. तिथे गुंडांच्या त्रासाने गांजलेलं एक उपाहारगृह आहे आणि बाहेरून आलेला एक तरुण. इथे उपाहारगृहाच्या जागी महाविद्यालय आलं. पण महाविद्यालयातली दादागिरी, विद्यार्थी निवडणुका आणि त्यांच्यामागे उभे असलेले बाहेरचे पुढारी हे सगळं विजयवाड्याचं होतं, वर्मांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं होतं. नायक सायकलची साखळी खेचून काढतो आणि तिचंच हत्यार करतो, तो प्रसंग तेलुगू प्रेक्षकांच्या आजही लक्षात आहे. सायकल हे विद्यार्थ्याचं वाहन. हत्यार परदेशी चित्रपटातून आलं असतं तर ते इतकं रुतलं नसतं.

म्हणजे रीत पहिल्या चित्रपटापासूनच ठरलेली होती: सांगाडा दुसऱ्याच्या चित्रपटाचा आणि त्यावरचं मांस ओळखीच्या गावाचं. मुंबईत मात्र एक अडचण होती. हे गाव वर्मांच्या ओळखीचं नव्हतं.

पानवलकर, तेंडुलकर, निहलानी

‘सत्या’ हे नाव कुठून आलं, याचं वर्मांनी दुहेरी उत्तर दिलं आहे. एक, महाविद्यालयात त्यांना आवडणाऱ्या एका मुलीचं नाव. दुसरं, गोविंद निहलानी यांच्या ‘अर्ध सत्य’ला मुजरा.

१९८३ चा ‘अर्ध सत्य’ मराठी वाचकाला परका नाही. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. दिलीप चित्रे यांची कविता चित्रपटाच्या मध्यावर येते आणि चित्रपटाला नाव देऊन जाते. निहलानी मुळात छायालेखक, श्याम बेनेगल यांच्या सुरुवातीच्या चित्रपटांचा कॅमेरा त्यांचाच. त्यामुळे ‘अर्ध सत्य’मधली पोलीस चौकी, तिथली बाकं, कागदांचे गठ्ठे, भिंतींचे उडालेले रंग हे सजावटीसारखे वाटत नाहीत. ओम पुरी यांचा उपनिरीक्षक अनंत वेलणकर पोलीस खात्यात बापाच्या हट्टाने आलेला आहे. बापही खात्यातलाच, घरात हात उगारणारा. वेलणकर गुंडांचा म्होरक्या रामा शेट्टी याच्या माणसांना पकडतो, वरून फोन येतो, माणसं सुटतात. पुन्हा पकडतो, पुन्हा फोन येतो. तुंबलेला राग शेवटी कोठडीतल्या एका भुरट्या चोरावर निघतो आणि तो चोर मरतो. आता नोकरी वाचवायची तर रामा शेट्टीच्याच दारात जावं लागणार. वेलणकर जातो. शेट्टी त्याला विकत घ्यायला निघतो तेव्हा वेलणकर त्याचा गळा आवळतो आणि चौकीत जाऊन स्वतःला हवाली करतो.

नगरच्या सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी इथे महत्त्वाचा आहे. त्याआधीच्या हिंदी चित्रपटातला खलनायक बहुधा एखाद्या अड्ड्यात राहायचा, आजूबाजूला लुकलुकणारे दिवे असायचे. रामा शेट्टी साधा बसतो, हळू बोलतो, निवडणुकीची तयारी करतो. त्याची भीती वाटते ती त्याच्या निवांतपणाची. पानवलकरांच्या कथेपासून तेंडुलकरांपर्यंत आलेली मराठी साहित्यातली एक सवय त्याच्यामागे आहे, असं मला ठामपणे वाटतं: माणूस आधी त्याच्या नोकरीत, घरात, बोलण्याच्या लकबीत नीट बसवायचा आणि मग त्याच्या हातून काय घडतं ते बघायचं.

वर्मांनी इथून शहर घेतलं. मराठी आडनावं घेतली. टोळीप्रमुख भीकू म्हात्रे, निवडणूक जिंकणारा गुंड भाऊ ठाकूरदास झवळे, इन्स्पेक्टर खांडिलकर, वकील मुळे ही नावं त्या वेळच्या हिंदी गुन्हेपटात अपवादानेच सापडत. आणि नवखा हीरो मोठ्या शहरात येऊन वर चढतो या जुन्या कथेऐवजी, व्यवस्थेच्या आत प्रत्येक जण कोणाचा तरी हस्तक आहे, ही निहलानींची समज घेतली.

दुसरा सांगाडा फ्रान्सिस फोर्ड कपोला यांचा. ‘द गॉडफादर’ची कादंबरी आणि चित्रपट दोन्हींचा आपल्यावरचा प्रभाव वर्मा कधीच लपवत नाहीत. ‘सत्या’त तो शेवटी दिसतो. चौपाटीवर गणपती विसर्जनाच्या गर्दीत नायक सत्या हा भाऊ झवळेला भोसकतो. एकीकडे धार्मिक सोहळा आणि दुसरीकडे खून अशी जोडणी कपोलांनी बाप्तिस्म्याच्या प्रसंगात केली होती. वर्मांनी घेतलेलं दृश्य तेवढंच, पण भूमी बदलताच अर्थ बदलला. कपोलांच्या चर्चमध्ये शांतता आहे, खून दुसरीकडे घडतात आणि आपण संकलनाच्या कात्रीतून ते जोडून घेतो. चौपाटीवर लाखो माणसं आहेत, ढोल आहेत, आणि खून त्यांच्यामध्येच होतो. मुंबईत राहणाऱ्याला हे दृश्य उसनं वाटत नाही, कारण अनंत चतुर्दशीच्या गर्दीत शेजारी कोण उभा आहे हे खरंच कळत नसतं.

मधला वेळ कसा भरला

सांगाडे मिळाले, पण त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोणत्याच जुन्या चित्रपटात नव्हतं. न्याहारीचं काय? त्यासाठी वर्मांनी माणसं गोळा केली.

पहिली गोष्ट म्हणजे चेहरे. शेखर कपूर यांच्या ‘बँडिट क्वीन’ने वर्मा भारावले होते. त्या चित्रपटातले मनोज बाजपेयी, सौरभ शुक्ला, गोविंद नामदेव आणि आदित्य श्रीवास्तव हे चौघे ‘सत्या’त अनुक्रमे भीकू म्हात्रे, कल्लू मामा, भाऊ झवळे आणि खांडिलकर झाले. हीसुद्धा आधीच्या दिग्दर्शकाकडून घेतलेली प्रेरणाच आहे, पण तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. दृश्याची नक्कल पटकन पकडली जाते. कोणत्या प्रकारचा नट खरा वाटतो, ही समज एका चित्रपटातून दुसऱ्यात जाते तेव्हा कोणाच्या लक्षात येत नाही. रंगभूमीवर घडलेले, प्रेक्षकाला फारसे माहीत नसलेले, कुठल्याही गल्लीत खपून जातील असे हे चेहरे होते. नायक म्हणून आलेले जे. डी. चक्रवर्तीही हिंदी प्रेक्षकांना नवेच होते.

पटकथा अनुराग कश्यप आणि सौरभ शुक्ला यांची. कश्यप तेव्हा विशीत होते. प्रसंग ठरलेला असायचा, पण त्यातलं बोलणं नटांच्या तोंडून घडत जायचं आणि वर्मा ते घडू द्यायचे. म्हणून टोळीतली माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, चेष्टा अर्धवट सोडतात, फोनवर खंडणी मागता मागता दुसरंच काही करत असतात. दारूच्या बैठकीत सगळे मिळून कल्लू मामाची थट्टा करतात तेव्हा ही टोळी कुठल्याही कचेरीतल्या चार सहकाऱ्यांसारखी दिसते. भीकू बाहेर शहराचा राजा असतो आणि घरी प्यारीची बोलणी खातो. शेफाली शहा यांची प्यारी पडद्यावर थोडाच वेळ आहे. पण भांडण आणि लाड एकाच श्वासात करणारं हे जोडपं काढून टाकलं, तर भीकूच्या मरणाने कोणाला काहीही वाटलं नसतं.

भीकूच्या घडणीविषयी बाजपेयी यांनी मुलाखतींत सांगितलेला तपशील मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो. ते बिहारच्या चंपारणचे. त्यांच्या गावाकडे जितेंद्रचा वेडा चाहता असलेला एक माणूस होता, सदानकदा भडक रंगीत कपडे घालणारा. भीकूचे शर्ट तिथून आले. बोलण्याचा हेल त्यांनी आपल्या घरी काम करणाऱ्या कोल्हापूरकडच्या माणसाकडून उचलला. म्हणजे ज्याला आपण अस्सल मुंबईचा गुंड समजतो, तो चंपारणचा शौकीन आणि कोल्हापूरचा बोलणारा यांची सरमिसळ आहे. यांपैकी कोणाचाही टोळ्यांशी संबंध नाही. ‘प्रत्यक्ष आयुष्यातून घेतलं’ असं आपण म्हणतो तेव्हा गुन्हेगाराच्या आयुष्यातून घेतलं असा त्याचा अर्थ लावतो. नटाने मात्र जवळच्या, निरुपद्रवी माणसांकडून घेतलं, आणि तेच जास्त खरं ठरलं. बाजपेयींना या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

कॅमेऱ्याची निवडही अशीच आडवळणाची. जेरार्ड हूपर हे अमेरिकन छायालेखक, त्यांना मुंबईची सवय नव्हती. त्यांनी मोठा भाग चित्रित केला आणि उरलेलं काम मझहर कामरान यांनी पूर्ण केलं. मुंबईकराच्या डोळ्यांना जे दिसेनासं झालं आहे ते परक्याला दिसतं: ओल्या भिंती, जिन्यातला अंधार, अर्धवट बांधलेल्या इमारतींची मोकळी चौकट. वर्मा स्वतःही बाहेरचेच होते. त्यांचा सत्याही कुठून आला ते चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. त्याला गाव नाही, आई नाही, सूड नाही. सलीम-जावेद यांच्या ‘दीवार’मध्ये नायकाच्या हातावर बालपण गोंदलेलं होतं आणि गुन्ह्याला कारण होतं. सत्याला कारणच दिलेलं नाही. तो येतो, तबेल्यात राहतो, बारमध्ये काम करतो, अपमान होतो, खोट्या आरोपात आत जातो, तिथे भीकू भेटतो. एवढं पुरतं.

आणि खरी मुंबई? ती चित्रपटाच्या बाहेर, अगदी दाराशी होती. १९८२ च्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांतल्या बहुतेकांचं आयुष्य पुन्हा कधी रुळावर आलं नाही. लालबाग, परळ, भायखळ्याच्या चाळींतली पोरं टोळ्यांना सहज मिळू लागली. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांची जानेवारी १९९७ मध्ये हत्या झाली, त्यानंतर सातच महिन्यांनी गुलशन कुमारांची. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर टोळ्या धर्मावर फुटल्या होत्या. यातलं जवळजवळ काहीच ‘सत्या’त नाव घेऊन येत नाही. ही मला त्यातली खरी उणीव वाटते. म्हात्रे नावाचा माणूस गुंड का होतो, हे गिरणगावाशिवाय पूर्ण कळत नाही. निवडणूक जिंकणारा गुंड मात्र वर्मांनी अचूक टिपला. भायखळ्याच्या दगडी चाळीचे अरुण गवळी चिंचपोकळीतून आमदार झाले ते २००४ मध्ये, चित्रपटानंतर सहा वर्षांनी.

जे मागे राहिलं

‘अर्ध सत्य’कडून वर्मांनी काय घेतलं ते वर आलं. काय घेतलं नाही, तेही बघायला हवं.

वेलणकरच्या हातून कोठडीत माणूस मरतो आणि तिथून चित्रपट त्याला सोडत नाही. पोलिसाच्या हिंसेची किंमत पोलिसालाच मोजावी लागते. ‘सत्या’त परेश रावल यांचे आयुक्त आमोद शुक्ला हात बांधलेल्या पोलिसांची बाजू मांडतात आणि त्यानंतर चकमकी सुरू होतात, त्या झटपट, एकामागोमाग एक, जणू रखडलेलं काम अखेर मार्गी लागलं. आयुक्तांचाच खून झाल्यावर तर प्रेक्षकही खांडिलकरच्या बाजूने उभा राहतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबईतल्या चकमकी हा न्यायालयापर्यंत गेलेला, माणसांच्या जिवाचा विषय होता. तिथे निहलानी आणि तेंडुलकर थांबले असते. वर्मा थांबत नाहीत. त्यांनी गुंडाला माणूस केलं, ते फार मोठं काम होतं. पण पोलिसाला ‘अर्ध सत्य’ने जे मन दिलं होतं, ते इथे परत काढून घेतलं गेलं. पुढची अनेक वर्षं हिंदीत जे चकमकफेम पोलिसांचे चित्रपट आले, त्यांनी ‘सत्या’चा हाच भाग उचलला याचं मला वाईट वाटतं.

वर्मांच्या पुढच्या कामातही उधारीचा हिशेब स्पष्ट वाचता येतो. २००२ च्या ‘कंपनी’त जयदीप सहानी यांची पटकथा दाऊद आणि छोटा राजन यांच्यातल्या फुटीवर उभी आहे, तिथे वास्तवाचा पुरवठा भरपूर आहे आणि चित्रपट भक्कम आहे. २००५ च्या ‘सरकार’ची सुरुवातच ‘द गॉडफादर’ला अभिवादन करून होते, पण त्यातला बंगला, दरबार, गाऱ्हाणी घेऊन येणारी माणसं मराठी प्रेक्षकाला कोणी समजावून सांगावी लागली नाहीत. २००७ मध्ये ‘शोले’ पुन्हा करायला घेतला तेव्हा समोर फक्त चित्रपट होता, माणूस कोणीच नव्हता. तो फसला. वर्मांची हुकमत तीच होती, कॅमेराही तितकाच चपळ होता. न्याहारीचा प्रश्न मात्र त्या वेळी कोणी विचारला नव्हता.

तो प्रश्न पुढे नेला कश्यप यांनी. एस. हुसेन झैदी यांच्या पुस्तकावरचा त्यांचा ‘ब्लॅक फ्रायडे’ बॉम्बस्फोटांच्या तपासावर होता. खटल्याचा निकाल लागेपर्यंत तो अडकून राहिला आणि २००७ मध्ये चित्रपटगृहांत आला. त्यात झोपडपट्टीतून एका संशयिताचा पाठलाग आहे. तो इतका लांबतो की पळणारा दमतो, पोलीसही दमतात, मध्येच सगळे चालू लागतात, धापा टाकतात, पुन्हा पळतात. अशा पाठलागात दम लागतो, हे त्याआधीचे चित्रपट विसरले होते. ब्रिटिश दिग्दर्शक डॅनी बॉइल यांनी ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या तयारीत हा पाठलाग पाहिला आणि त्यातून घेतल्याचं सांगितलं; ‘सत्या’ आणि ‘कंपनी’ यांचाही उल्लेख त्यांनी केला. आणि कश्यप यांनी २०१२ मध्ये ‘गँग्ज ऑफ वासेपूर’ केला तेव्हा धनबादच्या कोळसा माफियांची ती कथा सांगायला मुळांकडे जाण्याचं बळ कोणी दिलं, ते श्रेयनामावलीतच लिहिलं: मदुराईच्या मातीतले चित्रपट करणारे बाला, अमीर आणि शशीकुमार हे तीन तमिळ दिग्दर्शक.